वादळ सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर येणार, मग बडोद्यात घाबरायचं का?

वाऱ्याला फारसं नाही, पाण्याला मात्र हो. जमिनीवर आलं की समुद्राची वाफ तुटते आणि वादळाचा जोर ओसरतो. २०२१ चं तौक्ते उन्याजवळ धडकलं, २०२३ चं बिपरजॉय कच्छमधल्या जखाऊजवळ. खरा मार किनाऱ्यानेच खाल्ला. पण ऑगस्ट २०२४ आठवा. तेव्हा चक्रीवादळ नव्हतंच, जमिनीवरचा डीप डिप्रेशन होता, म्हणजे चक्रीवादळाच्या एक पायरी खालचा कमी दाबाचा पट्टा. तरी विश्वामित्री नदी बडोदे शहरात शिरली, मगरींसकट! तोच पुढे अरबी समुद्रात जाऊन ‘असना’ चक्रीवादळ झाला, म्हणजे उलटाच प्रवास. तेव्हा वाऱ्याचे आकडे बघत बसू नका; विश्वामित्रीत पाणी सोडणाऱ्या आजवा जलाशयाची पातळी बघा, तळमजल्यावरचा इन्व्हर्टर वर चढवा, गाडी उंचावर लावा. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या वेरावळला नातेवाईक असतील तर त्यांना आजच फोन करा, तिथे होड्या घट्ट बांधून ठेवायची वेळ झाली.