लोड वाढला म्हणजे सीपीयू दमला असे नव्हे

लिनक्स सर्व्हरवर लोड अ‍ॅव्हरेज (कामाच्या भाराची सरासरी) 20 दिसत असूनही सीपीयू बहुतांशी रिकामा असेल, तर प्रथम 'पीएस' या प्रक्रियांची (चालू प्रोग्रॅमची) यादी देणाऱ्या कमांडच्या स्टॅट म्हणजे अवस्था दाखवणाऱ्या रकान्यात 'डी' हे अक्षर शोधावे. कारण लिनक्स हा आकडा काढताना चालू व रांगेतील प्रक्रियांबरोबरच डिस्क किंवा एनएफएसच्या (नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रावरील फाइली वापरण्याच्या पद्धतीच्या) उत्तरासाठी अडकून पडलेल्या, म्हणजे 'डी' अवस्थेतील, प्रक्रियाही मोजतो. 'एस' अवस्थेची काळजी नको. त्या प्रक्रिया बहुधा नव्या कामाची वाट पाहत असतात. 'डी'मधील प्रक्रियेला मात्र सक्तीने बंद करण्याचा 'किल -9' आदेशही बऱ्याचदा लागू पडत नाही (सुरुवातीला मीही तो पुन्हा पुन्हा देत बसत असे). ती कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) कोणत्या फंक्शनमध्ये थांबली आहे, हे 'पीएस'चा 'डब्ल्यूचॅन' रकाना सांगतो. तेथे एनएफएस किंवा आरपीसीशी (एनएफएस दूरच्या यंत्राला काम सांगते त्या पद्धतीशी) संबंधित नाव दिसल्यास आपल्या यंत्राची डिस्क तपासत न बसता आधी फाइल सर्व्हर आणि नेटवर्क पाहावे.