उतरवलेले पडदे

प्रश्न : ताई, माझं वय ५१. बावीस वर्षं चालवलेला छोटा कारखाना मी गेल्या वर्षी विकला. कर्ज फेडून, कर भरून जे उरलं ते माझ्या नातवंडांनाही पुरेल. आम्ही चौघं भावंडं. थोरली अक्का शिक्षण अर्धवट सोडून कामाला लागली, म्हणून आम्ही तिघे भाऊ शिकलो. माझ्या परीक्षेची फी तिने आपल्या पहिल्या पगारातून भरली होती. आज तिचे यजमान आजारी असतात, घर भाड्याचं आहे. ती कधीच काही मागत नाही. धाकट्याचे दोन धंदे बुडाले; तिसऱ्यासाठी तो मला जामीन राहायला सांगतोय. मधला नोकरीत सुखी आहे, पण पैशाचा विषय निघाला की उठून जातो. माझी पत्नी म्हणते, द्यायचं तर तिघांना सारखं द्या, नाहीतर कुणालाच नको. वडिलोपार्जित मालमत्तेच्या वाटण्या कधीच सरळ झाल्या आहेत. माझ्या कमाईवर त्यांचा हक्क आहे का? आणि द्यावं तर किती?

उत्तर : द्या. अक्कांना सगळ्यात आधी द्या, आणि त्यात आता आणखी दिवस घालवू नका. बाकीच्या दोघांचं सावकाश ठरवलंत तरी चालेल.

मी स्वतः घेणाऱ्यांपैकी आहे, हे आधी सांगते, म्हणजे मी कुठून बोलतेय ते तुम्हाला कळेल. माझे यजमान गेले तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती, मुलगा पाच. पुढची सात वर्षं दादाने दर महिन्याला पैसे पाठवले. एकदाही हिशेब विचारला नाही, एकदाही उशीर केला नाही. मी मात्र मुलीच्या जुन्या वह्यांमधली कोरी पानं काढून, ती शिवून एक वही केली आणि तिच्यात प्रत्येक रक्कम तारखेसह लिहीत गेले.

चौथ्या वर्षी शिकवण्यांतून थोडे पैसे जमले, तेव्हा मी बाहेरच्या खोलीला पडदे घेतले. निळे, बारीक पांढऱ्या रेघांचे. महिनाभराने दादाचा फोन आला, ‘उद्या येतोय.’ मी स्टुलावर चढून ते पडदे उतरवले आणि जुने, विटलेले परत लावले. खालून कड्या हातात देता देता मुलीने विचारलं, ‘मामाला निळा रंग आवडत नाही का गं?’

दादाने त्या पडद्यांकडे पाहिलंही नसतं. इतक्या मोकळ्या मनाने देणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. पण हे पैसे परत करायचे की नाही आणि किती दिवस मिळणार, हे ना त्याने सांगितलं ना मी विचारलं. त्या न बोललेल्या दोन गोष्टींपायी मी सात वर्षं त्याच्या घरी जायचं टाळलं. नोकरी पक्की झाल्यावर ती वही घेऊन गेले. दादा पानं उलटत राहिला, काही बोलला नाही. वहिनी म्हणाल्या, ‘तुम्ही हे लिहीत बसला होतात होय? आम्हाला वाटायचं, तुमचा आमच्यावर राग आहे, म्हणून येत नाही.’

म्हणून माझं पहिलं मागणं हे, की पैसे हातात ठेवाल त्याच दिवशी ते कशाचे आहेत ते स्पष्ट बोला. भेट असेल तर भेट म्हणा आणि तिथे विषय मिटवा. कर्ज असेल तर कागद करा, मुदत लिहा. ‘जमेल तेव्हा दे’ हे तीन शब्द मात्र कृपा करून उच्चारू नका. ऐकायला ते प्रेमळ वाटतात, पण घेणाऱ्याला त्यातून कधीच सुटता येत नाही.

चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगला त्याचा धाकटा भाऊ थिओ वर्षानुवर्षं पैसे पाठवत होता. थिओ धनाढ्य नव्हता, पॅरिसला चित्रं विकणाऱ्या पेढीत नोकरी करायचा. १८८४ च्या सुरुवातीला व्हिन्सेंटने त्याला पत्रातून सुचवलं, की मी माझं काम तुला पाठवत जाईन आणि तू पाठवशील ते पैसे आपण माझी कमाई धरू. मला त्या माणसाची तगमग पुरेपूर कळते. त्याला पैसे हवेच होते, पण ते कशाचे हेही ठरवून हवं होतं. १८९० च्या जुलैमध्ये, मरणाच्या काहीच दिवस आधी लिहिलेल्या पत्रातही आपण भावाला भार झालो आहोत, ही धास्ती दिसते. इतका जीव लावणारा भाऊ असूनही! घेणाऱ्याच्या मनातलं हे देणाऱ्याला सहसा दिसत नाही.

आता हक्काचं. वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा हा हक्काचा भाग झाला, आणि तो तुमच्याकडे मिटला आहे. तुमच्या स्वकष्टाच्या पैशावर भावंडांचा हक्क नाही. न मिळाल्याबद्दल धाकट्याने तुम्हाला बोल लावला, तर तो मनाला लावून घेऊ नका. पण म्हणूनच ‘तिघांना सारखं’ हा नियमही इथे लागत नाही. तो वाटण्यांचा नियम आहे. पत्नीला समोर बसवून हे नीट बोला आणि आकडाही दोघांनी मिळून ठरवा. त्यांना बहुधा पुढच्या कटकटींची भीती वाटते, आणि ती खोटी नाही.

धाकट्याला जामीन राहू नका. जामीन राहणं म्हणजे ते कर्ज स्वतः डोक्यावर घेणं. त्याचे हप्ते थकले की वसुली तुमच्याकडे येणार, आणि कधी, किती जाणार हे तुमच्या हातात राहणार नाही. त्यापेक्षा आधीच्या दोन धंद्यांचं देणं कुणाचं किती आणि किती व्याजाचं, हे कागदावर मागा. लपवाछपवी न करता त्याने ते दाखवलं, तर सगळ्यात जास्त व्याजाचं देणं आधी, थेट सावकाराला किंवा बँकेला फेडा आणि खातं मिटल्याचा दाखला घ्या. मुलांची फी भरायची तर तीही थेट संस्थेत भरा. तिसऱ्या धंद्यात भागीदार व्हायचं का? मला विचाराल तर नको. व्हायचंच असेल तर वह्या तपासायचा अधिकार लिहून घ्या, आणि मग भाऊ म्हणून गप्प बसू नका.

मधल्याकडे एकटे जा. कुणाला काय देणार आहात ते त्याला तुमच्या तोंडून आधी कळू द्या, इतरांकडून नंतर नको. त्याला पैसे नको असतील. पण भाऊ श्रीमंत झाला की न मागणाऱ्याकडेही लोक संशयाने पाहतात, आणि उठून जाण्यामागे तेच असावं, असं मला वाटतं.

किती द्यावं? उद्या धाकट्याच्या दारात नवी गाडी दिसली आणि तुमच्या मनात ‘माझ्या पैशातून?’ असं आलं, तर समजा की रक्कम जास्त झाली. जी दिल्यावर खरोखर विसरता येईल, तीच द्या.

अक्कांच्या बाबतीत हे माप वापरू नका. ते देणं आहे आणि ते फेडायचं आहे. जमलं तर राहतं घर त्यांच्या एकट्याच्या नावाने करून द्या. बाकीची रक्कम अशी गुंतवा, की दर महिन्याला ठरावीक पैसे त्यांच्या स्वतःच्या खात्यात येतील. एकरकमी मोठा पैसा आला की मागणारे येतात, आणि ज्या बाईने धाकट्या भावांसाठी स्वतःचं शिक्षण सोडलं तिला ‘नाही’ म्हणता येणार नाही. अशा भेटीवर कर लागतो का, हे जिथे राहता तिथल्या कायद्यावर अवलंबून असतं, तेवढं आधी जाणकाराला विचारून घ्या.

आणि एक सांगते. त्या ‘नको रे’ म्हणतील, दोनदा म्हणतील. तेव्हा मदत, आधार, कर्तव्य असलं काही बोलू नका. कागद पुढे करा आणि एवढंच म्हणा, ‘अक्का, माझी फी द्यायची राहिली होती.’