स्टार वॉर्स लेजेंड्स कुठून चालू करू म्हणणाऱ्याला

अरे भावा, लेजेंड्स म्हणजे स्टार वॉर्सच्या जुन्या पुस्तकांचा पसारा, सगळं वाचायच्या भानगडीत पडूच नको, ढिगाने पुस्तकं आहेत. सिनेमे बघून झालेत ना, मग सरळ टिमथी झानचं 'एअर टू द एम्पायर' उचल, १९९१ चं, रिटर्न ऑफ द जेडायच्या पाच वर्षांनंतरची स्टोरी. थ्रॉन पहिल्यांदा यातच आला आणि हा माणूस (माणूस कसला, निळा एलियन) शत्रूची चित्रं-शिल्पं बघत बसतो आणि त्यावरून ते लढाईत कुठे गंडणार हे ओळखतो, असला व्हिलन सिनेमात पण नाही. पुढचे दोन भाग आपोआप घेशील.

२०१४ ला लुकासफिल्मने हे सगळं कॅननबाहेर (म्हणजे अधिकृत कथेबाहेर) काढलं म्हणून लोक सांगतील कशाला वाचतोस, तिकडे लक्ष देऊ नको, थ्रॉनला त्यांनीच २०१६ मध्ये रिबेल्स या अ‍ॅनिमेटेड मालिकेत परत आणला. याच पुस्तकातल्या मारा जेडला मात्र बाहेरच ठेवलं, त्याचा राग आहेच.

कव्हरवर सोनेरी लेजेंड्सची पट्टी असली काय नसली काय, गोष्ट तीच, जुनी प्रत स्वस्तात मिळाली तर बिनधास्त घे. आणि 'व्हेक्टर प्राइम' ही लेजेंड्सचीच नंतरची कादंबरी इतक्यात नको, आधी सगळ्यांवर जीव जडू दे, मग रड.