नाव आणि आडनाव एकसारखं वाजतंय?

बाळाच्या नावाबद्दल येणाऱ्या पत्रांत एकच शंका पुन्हा पुन्हा दिसते : नाव आडनावासारखंच वाजतंय, चालेल का? कोणी सांगतं अशुभ, कोणी सांगतं कागदपत्रं अडतात. नावदुरुस्तीची प्रकरणं वकील म्हणून माझ्याकडे रोज येतात. नाद जुळला म्हणून अडलेलं प्रकरण त्यांत क्वचितच असतं. अडतं ते वेगळ्याच कारणांनी. म्हणून काही निवडक पत्रांना इथे एकत्र उत्तरं देते आहे.

प्रश्न : आमचं आडनाव माने. मुलीचं नाव मानसी ठेवायचं आहे. सासूबाई म्हणतात, आडनाव दोनदा घेतल्यासारखं वाटतं.

छान नाव आहे. ठेवा.

प्रश्न : नाव-आडनावाचं पहिलं अक्षर एक असेल तर पासपोर्टला अडचण येते, असं ऑफिसमधल्या एकाने सांगितलं. खरं आहे का?

साफ खोटं. प्रतिभा पाटील 2007 ते 2012 या काळात देशाच्या राष्ट्रपती होत्या. अजित आगरकर भारताकडून क्रिकेट खेळले. असं सांगणाऱ्याला नियम दाखवायला सांगा.

प्रश्न : आडनाव मोरे आणि मुलाचं नाव मयूर. अर्थही तोच होतो. लोक हसतील का?

पहिल्यांदा ऐकणारा हसेल आणि विसरून जाईल. गौरी गोरे, सोनल सोनार ही नावंही लोक हौसेने ठेवतात. फक्त तुम्हा दोघांनाही ते मनापासून आवडलं आहे ना, हे आपसात बोलून घ्या. आईबापांपैकी एकाने नाइलाजाने मान्य केलेल्या नावाबद्दल घरात कुरकुर सुरू राहते, आणि ती मुलाच्या कानावर पडतेच.

प्रश्न : तेजस साठे हे नाव ठरवलं आहे. माझी बहीण म्हणते की काहीतरी खटकतंय, पण काय ते तिला सांगता येत नाही.

तुमच्या बहिणीचा कान चांगला आहे. मराठीत आपण शब्दाच्या शेवटच्या अक्षरातला 'अ' उच्चारत नाही, 'तेजस्' म्हणतो. त्याला लागून 'साठे' आलं की दोन 'स' एकमेकांत मिसळतात आणि ऐकणाऱ्याला 'तेज साठे' ऐकू येतं. तेज हेही नाव असतं, त्यामुळे कोणी पुन्हा विचारतही नाही, ऐकलं तसं लिहून मोकळे होतात. मानस सावंतचं 'मान सावंत' होतं, अविनाश शहाचं 'अविना शहा' होतं. नाव-आडनाव एकाच अक्षराने सुरू झालं तर काही बिघडत नाही. नाव ज्या अक्षराने संपतं त्याच अक्षराने आडनाव सुरू होत असेल, तर मात्र लक्ष द्यावं लागतं.

हे नाव आधी न ऐकलेल्या माणसाला फोनवर एकदाच, नेहमीच्या वेगाने सांगा आणि त्याला लिहायला सांगा. 'तेजस' लिहिलं तर निर्धास्त राहा. 'तेज' लिहिलं आणि नाव तरीही हवंच असेल, तर जरूर ठेवा, पण कोणताही फॉर्म भरताना ते लिहून द्या, तोंडी सांगू नका.

प्रश्न : मुलगा वेदांत, आडनाव वाघ. इंग्रजीत नाव 'व्ही'ने आणि आडनाव 'डब्ल्यू'ने येतं. एका अंकशास्त्रवाल्यांनी सांगितलं की बाळाचं आडनावही 'व्ही'ने लिहा आणि नावात एक 'ए' वाढवा, म्हणजे दोन्ही जुळतील. फी भरून झाली आहे. दाखल्यासाठी हेच स्पेलिंग देऊ का?

देऊ नका. आणि हे नीट वाचा, कारण अशी प्रकरणं माझ्याकडे येतात तेव्हा मूल दहावी-बारावीला पोहोचलेलं असतं.

महाराष्ट्रात जन्मदाखला मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत मिळतो. तुम्ही आज जे इंग्रजी स्पेलिंग द्याल ते मुलाच्या पहिल्या सरकारी कागदावर छापलं जाईल. तुमच्या स्वतःच्या आधारवर, पॅनवर, बँकेत आडनाव 'डब्ल्यू'ने आहे. म्हणजे वाघांच्या घरात बापाचं आडनाव एक आणि मुलाचं दुसरं. मराठीत वाचणाऱ्याला फरक कळतही नाही, पण संगणक मराठी वाचत नाही, त्याला ती दोन वेगळी आडनावं दिसतात. पुढे काय होतं? शाळेत प्रवेशाच्या दिवशी रजिस्टरमध्ये लिहिणारे बाई किंवा गुरुजी 'वाघ' सवयीने 'डब्ल्यू'नेच लिहितात. तेच स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेवर येतं. जन्मदाखल्यावर 'व्ही' आणि एक जादा 'ए', गुणपत्रिकेवर 'डब्ल्यू' आणि जादा 'ए' नाही. पासपोर्ट काढायची वेळ आली की हे दोन कागद टेबलावर शेजारी ठेवले जातात, आणि मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रात जाहिरात, शाळेचे हेलपाटे सुरू.

जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीमुळे हे आणखी गंभीर झालं आहे. त्या तारखेपासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी यांसाठी जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. त्यात चूक होऊन चालणार नाही. लिहिणाऱ्याच्या हातून झालेली चूक जन्मनोंदणी करणारे निबंधक दुरुस्त करू शकतात. आपणच मागून घेतलेलं स्पेलिंग ही चूक ठरत नाही, तिथे वाद घालावा लागतो.

एक अक्षर वाढवून मुलाचं नशीब बदलतं असं सांगून तान्ह्या बाळाच्या आईबापांकडून पैसे घेणाऱ्यांचा मला संताप येतो. दाखला निस्तरायची वेळ येते तेव्हा त्यांच्यातलं कोणीही रांगेत उभं नसतं. फी गेली ती जाऊ द्या. बाळाचं आडनाव तुमच्या आधारवर आहे अक्षरशः तसंच द्या, 'वेदांत' सरळ लिहा. दाखला आधीच निघाला असेल तर या आठवड्यातच निबंधक कार्यालयात जा, आणि तिथे नकार मिळाला तर वकिलाला कागद दाखवा.

प्रश्न : आमचं आडनाव देव. मुलाचं नावही देव ठेवायचं म्हणतोय. कायद्याने चालतं का?

चालतं. संयुक्त राष्ट्रसंघाचे 1992 ते 1996 या काळातले सरचिटणीस बुट्रोस बुट्रोस-घाली होते. पण फॉर्म भरणाऱ्याला नाव चुकून दोनदा टाइप झालं असं वाटतं आणि तो एक 'देव' काढून टाकतो. प्रत्येक दाखला हातात घेताच तिथेच तपासायची तयारी असेल तर ठेवा. मला विचाराल तर देवदत्त देव.

प्रश्न : जुळी झाली आहेत. आरव आपटे आणि आरवी आपटे कसं वाटतं?

ऐकायला गोड आहे, पण मी नको म्हणेन. जन्मतारीख एक, आईवडील एक, पत्ता एक, आडनाव एक. कागदावर दोघांना वेगळं करणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे नाव, आणि तिथेही फरक फक्त शेवटच्या अक्षराचा. लसीकरणाच्या कार्डावर घाईत 'आ. आपटे' लिहिलं तर कुणाला डोस मिळाला? जुळ्यांच्या नावांची सुरुवात वेगळी हवी. कार्डांबाबत तुमच्या बालरोगतज्ज्ञांशीही बोलून घ्या.

प्रश्न : आता नावात आईचं नावही येतं म्हणे. मग नाव-आडनाव जुळवण्यात अर्थ आहे का?

1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळांसाठी महाराष्ट्रात क्रम असा आहे : बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. त्यामुळे पूर्ण नावात नाव आणि आडनाव लांब जातात. हाक मारताना, हजेरी घेताना, दारावरच्या पाटीवर ते शेजारीच राहतील. म्हणून दोन्ही प्रकारे मोठ्याने म्हणून बघा. आईचं एकल पालकत्व असेल किंवा वडिलांच्या नावाबद्दल वाद असेल, तर नोंदणीपूर्वी सल्ला घ्या.

प्रश्न : बाळ दहा महिन्यांचं झालं. आजोबांना आडनावाशी जुळणारं नाव हवं, आम्हाला नको. अजून काहीच ठरलेलं नाही. घाई आहे का?

आहे. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, ती नावाशिवाय होते आणि बहुधा रुग्णालयाकडून तुमची झालीही असेल, तेवढी खात्री करून घ्या. त्या नोंदीत नाव घालायला नोंदणीपासून 12 महिने विनाशुल्क मिळतात, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. '15 वर्षं आहेत की' म्हणून थांबू नका. मधल्या काळात घरचं लाडाचं नाव पाळणाघराच्या फॉर्मवर, मग आधारवर चढतं आणि दाखल्यावर दुसरंच येतं. तुमच्या हातात दोन महिने आहेत. आजोबांचं नाव आणि तुमचं नाव, दोन्ही फोनवर कुणाला तरी सांगून बघा, एक निवडा, आणि रुग्णालयाचे कागद व दोघांची आधारकार्डं घेऊन जिथे जन्म झाला तिथल्या महापालिकेच्या, नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या निबंधकांकडे जा.