गेमिंग आणि फोटो एडिटिंग एकाच पीसीवर: प्रोसेसरचे थोडे पैसे काढा, मॉनिटर आणि विजेवर घाला

तुमच्या प्रश्नावरून एवढं समजलं: लग्नसराईत लाइटरूम आणि फोटोशॉपवर काम, रात्री गेम, घर कोल्हापुरात आणि बजेट मॉनिटरसकट सव्वा लाखाच्या आसपास. यादीत रायझन ७ ७८००एक्स३डी, आरटीएक्स ४०६० ८ जीबी, १६ जीबीची एकच रॅम स्टिक, २४ इंची कर्व्हड व्हीए पॅनलचा मॉनिटर, ५०० वॅटचा बिननावाचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणि ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा यूपीएस आहे. सगळा भर प्रोसेसरवर पडलाय. तुमचे फोटो ज्यावर पाहून दुरुस्त होणार तो मॉनिटर आणि ज्यावर मशीन चालणार ती वीज या दोन्हींसाठी फार थोडं उरलंय.

आधी प्रोसेसर. ७८००एक्स३डीची खासियत म्हणजे ९६ एमबी एल३ कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी. ग्राफिक्स कार्ड दमदार असेल आणि रिझोल्यूशन कमी असेल तर गेममध्ये तिचा फायदा दिसतो. तुमच्या वर्गातल्या कार्डावर १४४०पी (२५६० बाय १४४० रिझोल्यूशन) खेळताना दम आधी कार्डाचा संपतो, तेव्हा ती कॅशे नुसती बसून राहते. लाइटरूमच्या एक्स्पोर्टला तर तिचा विशेष उपयोगच नाही. साधा रायझन ७ ७७०० घ्या. कोअर तेवढेच ८, बूस्ट उलट जास्त म्हणजे ५.३ गिगाहर्ट्झ (७८००एक्स३डीचा ५.०), टीडीपी (उष्णतेचा अंदाज) ६५ वॅट, आणि बॉक्स पॅकमध्ये कूलरही येतो. बजेट फारच ताणलं तर ६ कोअरचा रायझन ५ ७६०० चालेल. हजारभर फोटो एक्स्पोर्टला लावल्यावर फरक जाणवेल, गेममध्ये फारसा नाही. सॉकेट तोच एएम५ असल्यामुळे पुढे प्रोसेसर बदलायची सोय राहते. मदरबोर्ड बी६५० चिपसेटचा पुरे. त्याला किमान दोन एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायच्या जागा) आणि बायोस फ्लॅशबॅकचं (पेनड्राइव्हवरून बोर्डाचं सॉफ्टवेअर अपडेट करायचं) बटण आहे ना, एवढं बघून घ्या.

रॅम १६ जीबीच्या दोन स्टिक, डीडीआर५ ६०००, सीएल३० (मेमरीचा प्रतिसादकाळ), एक्स्पो (रॅमला तिच्या जाहीर वेगावर नेणारी सेटिंग) असलेली. एकच स्टिक घातली की मेमरीचा एक चॅनल रिकामा राहतो. 'आता दोन, नंतर अजून दोन' असा बेत मात्र करू नका. एएम५ वर चार स्टिक लावल्या की अधिकृत वेग ३६०० वर येतो, आणि त्याच्या वर चालवायचं म्हटलं की मशीन अडखळायला लागतं. दोन्ही स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या. बायोसमध्ये एक्स्पो स्वतः चालू करावं लागतं, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वरच पळत राहते. दुकानात असेंब्ली करून घेतली तरी हे घरी तपासा.

ग्राफिक्स कार्डात मेमरी बघा. लाइटरूमचं एआय डीनॉइझ (फोटोतले दाणे काढणारं) ८ जीबीवर चालतं, पण नव्या गेमना १४४०पी वर हाय टेक्स्चर लावले की ८ जीबी कमी पडतात आणि खेळ झटके खायला लागतो. आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी हा तुमच्यासाठी योग्य पर्याय. याच नावाचं ८ जीबीचं कार्डही मिळतं, म्हणून कोटेशनवर आणि खोक्यावर दोन्हीकडे '१६' वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी निव्वळ गेमसाठी छान आहे. मंडपातल्या कमी उजेडात उंच आयएसओवर काढलेल्या फोटोंना रोज डीनॉइझ लावणाऱ्याने एनव्हिडियाकडेच जावं. ड्रायव्हर 'स्टुडिओ' वाला टाका, त्यावर गेमही व्यवस्थित चालतात.

आता मॉनिटर. व्हीए पॅनलवर काळा रंग गडद दिसतो, पण नजरेचा कोन थोडा बदलला की त्वचेचा रंगही बदलतो. चेहरा मधोमध वेगळा आणि कडेला वेगळा दिसत असेल तर स्किन टोन कशावरून ठरवणार? २७ इंची, २५६० बाय १४४०, आयपीएस पॅनलचा (कोन बदलला तरी रंग टिकवणारा), एसआरजीबी (रंगांची नेहमीची प्रमाणित श्रेणी) शंभर टक्क्यांच्या जवळ आणि १४४ हर्ट्झच्या पुढचा मॉनिटर घ्या. 'वाइड गॅमट' (एसआरजीबीपेक्षा जास्त रंग दाखवणारा) लिहिलेला घेतलात तर त्यात एसआरजीबी मोड असलाच पाहिजे. नाहीतर कलर मॅनेजमेंट नसलेल्या सॉफ्टवेअरमध्ये शालूचा लाल आणि चुड्याचा हिरवा अंगावर येतो, तुम्ही तो उतरवता आणि अल्बम फिका छापून येतो. हळदीच्या फोटोंवर खास लक्ष ठेवा. तिथे लाल चॅनल लवकर फाटतो, गालावरचा तपशील जातो आणि नुसता पिवळा डाग उरतो. चांगल्या मॉनिटरवर हे एडिट करतानाच दिसतं.

अल्बम काळपट छापून येण्याचं नेहमीचं कारण ब्राइटनेस. नवे मॉनिटर कारखान्यातून बरेच उजळ येतात. छपाईसाठी १०० ते १२० निट्स (उजळपणाचं माप) पुरेत. हे डोळ्याने जमत नाही, कलरिमीटर (स्क्रीनचे रंग आणि उजेड मोजणारं यंत्र) लागतो. लगेच विकत घेणं जमत नसेल तर ओळखीच्या स्टुडिओकडून तासाभरासाठी आणा, कॅलिब्रेट करा आणि काही महिन्यांनी पुन्हा करा. छपाईच्या लॅबकडे त्यांचं आयसीसी प्रोफाइल (त्यांच्या प्रिंटरवर रंग कसे उमटतात त्याची फाइल) मागा. त्यांच्याकडे नसेल तर एसआरजीबी जेपेग द्या आणि सगळा अल्बम टाकण्याआधी दोन-तीन टेस्ट प्रिंट काढून मॉनिटरशेजारी धरून बघा.

साठवणुकीचा हिशोब फाइलींवरून करा. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबी. दोन कॅमेऱ्यांवर मिळून ४००० फ्रेम झाल्या तर एका लग्नाचे १०० ते १२० जीबी. म्हणून १ टीबी एनव्हीएमई एसएसडी विंडोज आणि गेमला, दुसरी १ टीबी चालू कामं, कॅटलॉग आणि प्रिव्ह्यूला, आणि संपलेल्या कामांसाठी ४ टीबीची हार्ड डिस्क. हार्ड डिस्क सीएमआर प्रकारची मागा; एसएमआरवर (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणारा प्रकार) सलग मोठं कॉपी करायला घेतलं की वेग मधेच कोसळतो. एसएसडीत क्यूएलसी (एका सेलमध्ये चार बिट साठवणारा प्रकार) टाळा, तिथेही कॅशे भरल्यावर तेच होतं. वेगळी एक एक्स्टर्नल डिस्क हवी आणि ती दुसऱ्या घरी ठेवायची. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं ते आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलंय. दोन्ही कॉप्या एकाच तळमजल्यावर असतील तर त्याला बॅकअप म्हणता येत नाही.

विजेवर मात्र काटकसर करू नका. एसएमपीएस ६५० वॅटचा, ८० प्लस गोल्ड, नावाजलेल्या कंपनीचा आणि जास्त वॉरंटीचा. ८० प्लस हे फक्त कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र आहे, म्हणून वॉरंटीची वर्षंही बघायची. गेम चालू असताना कार्ड १८० वॅट, प्रोसेसर ८० च्या आसपास, बाकी मशीन आणि मॉनिटर मिळून ९०, म्हणजे साधारण ३५० वॅट. ६०० व्हीएचे बरेच यूपीएस जेमतेम ३६० वॅट देतात. लाइट गेली की तो बॅटरीवर यायच्या ऐवजी सरळ बंद पडू शकतो. १००० व्हीए, ६०० वॅट, लाइन इंटरॅक्टिव्ह (व्होल्टेज कमी-जास्त झालं तर स्वतः सावरणारा) आणि शक्यतो प्युअर साइन वेव्ह (मुख्य विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा) घ्या. सिम्युलेटेड साइन वेव्हवर ॲक्टिव्ह पीएफसीचे (वीज कमी वाया जावी म्हणून खास सर्किट असलेले) काही एसएमपीएस नेमके लाइट जाताना बंद पडतात. लेझर प्रिंटर यूपीएसला जोडायचा नाही, त्याचा हीटर एकदम मोठा करंट ओढतो.

त्याआधी अर्थिंग तपासून घ्या. वायरमनला बोलवून टेबलाजवळच्या सॉकेटवर मीटर लावायला सांगा. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळजवळ सारखे, २३० च्या आसपास दिसायला हवेत आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. अर्थ तुटलेला असेल तर एसएमपीएसच्या फिल्टरमधून कॅबिनेटवर साधारण ११५ व्होल्ट येऊन बसतात. करंट अगदी थोडा असतो, म्हणून हाताला फक्त मुंग्या येतात आणि लोक दुर्लक्ष करतात. पण कार्ड रीडर किंवा एक्स्टर्नल डिस्क लावताना पोर्ट जाण्याचा धोका तिथेच असतो. सर्ज प्रोटेक्टरसुद्धा अर्थिंगशिवाय पुरतं संरक्षण देत नाही. वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की प्लग काढा, आणि इंटरनेट तांब्याच्या केबलने येत असेल तर तीही काढा.

कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या, कार्डाची लांबी आणि कूलरची उंची त्यात बसते का ते मोजा. बिलावर जीएसटी आणि प्रत्येक भागाचा सीरियल नंबर हवा. राजारामपुरीतून घ्या नाहीतर ऑनलाइन मागवा, बिघाड झाला तर भाग इथेच जमा होणार की पुण्या-मुंबईला पाठवावा लागणार, हे पैसे देण्याआधी विचारा.

जोडताना एम.२ हीटसिंकच्या थर्मल पॅडवरची प्लास्टिकची फिल्म काढायची राहून जाते आणि मग एसएसडी तापून मंदावते. मॉनिटरची डिस्प्लेपोर्ट केबल बोर्डाला न लावता कार्डाला लावा. पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळी राहील आणि बोर्डवरचा डीरॅमचा दिवा पेटेल. ते मेमरी ट्रेनिंग असतं. घाबरून बटण दाबलंत तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. विंडोज आल्यावर डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट ६० वरून वर न्या. मग एक्स्पो चालू करून रात्रभर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) लावा. त्यात एक जरी एरर आली तरी रॅम बदलून घ्या, कारण तसली रॅम मेमरी कार्डावरून कॉपी होणाऱ्या रॉ फाइली गुपचूप बिघडवू शकते. ही चाचणी नीट पार पडेपर्यंत कुठल्याही लग्नाचं मेमरी कार्ड फॉरमॅट करू नका.