हॉकीची टीम निघेल तेव्हा निघेल, कोथरूडचा फ्लॅट आत्ता विकू नका

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधून एका आईचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: "आम्ही दोघंही नोकरी करतो, मिळून वर्षाला २ लाख १० हजार डॉलर मिळतात. महिन्याला साधारण १,५०० शिल्लक पडतात, त्यातले ४०० मुलाच्या ५२९ खात्यात, म्हणजे शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात जातात. तिथे आत्ता ४८ हजार आहेत. मुलगा १३ वर्षांचा आहे, सहा वर्षं आइस हॉकी खेळतोय आणि चांगला खेळतो. यंदा त्याला ट्रिपल-ए, म्हणजे मुलांच्या हॉकीतल्या सर्वांत वरच्या पातळीच्या टीममध्ये जागा मिळाली आहे. आत्ताच्या टीमला प्रवास धरून वर्षाला ९ हजार लागतात, नव्या टीमला २४ हजार लागतील. मिस्टरांचं म्हणणं, इलिनॉय आणि आणखी बरीच विद्यापीठं डिव्हिजन वनची, म्हणजे कॉलेज खेळातल्या सर्वांत वरच्या पातळीची, हॉकी टीम काढणार आहेत, जागा वाढतील, मुलगा स्कॉलरशिपवर जाईल आणि सगळं वसूल होईल. त्यासाठी घराच्या इक्विटीवर ६० हजारांचं कर्ज काढायचं आणि कोथरूडचा २००९ साली घेतलेला फ्लॅट विकून ते फेडायचं, असा बेत आहे. त्या फ्लॅटच्या भाड्यातून सासूबाईंना सांभाळणाऱ्या मावशींचा पगार जातो. धाकटी मुलगी ९ वर्षांची आहे. काय करावं?"

ताई, आधी माझं मत सांगते. कर्ज काढू नका. फ्लॅट हॉकीसाठी विकू नका. आणि ट्रिपल-ए यंदा नको. मुलाच्या खेळाबद्दल मला शंका नाही. पण तुमच्या मिस्टरांनी सगळा हिशेब ज्या पायावर उभा केलाय, तो पाया तुमच्या हातात नाही, मुलाच्याही नाही आणि बहुतेक वेळा विद्यापीठाच्याही नाही.

डिव्हिजन वनची नवी टीम कशी निघते ते बघा. पेन स्टेट विद्यापीठात क्लब हॉकी, म्हणजे खेळाडूंनी वर्गणी भरून खेळायची हॉकी, अनेक वर्षं होती. खरी टीम निघाली ती उद्योगपती टेरी पेगुला यांनी २०१० साली ८ कोटी ८० लाख डॉलरची देणगी जाहीर केल्यावर. २०१२-१३ मध्ये टीम उतरली, पुढच्या वर्षी स्वतःचं रिंक उघडलं. ॲरिझोना स्टेटचंही तसंच झालं. २०१४ मध्ये ३ कोटी २० लाखांची देणगी जाहीर झाली आणि पुढच्याच सीझनला टीम मैदानात. तिचं स्वतःचं रिंक मात्र २०२२ मध्ये उघडलं, तोवर सात सीझन निघून गेले होते. साउथ डकोटातलं ऑगस्टाना २०२३ मध्ये आलं, तेही नव्या रिंकच्या भरवशावर. प्रत्येक ठिकाणी आधी चेक आला, खेळाडू नंतर आले.

आता इलिनॉय. तुमच्या राज्यात आज डिव्हिजन वनची पुरुषांची एकही टीम नाही. यूआयसीची, म्हणजे इलिनॉय विद्यापीठाच्या शिकागो शाखेची होती, ती १९९६ मध्ये बंद झाली. शँपेनच्या मुख्य विद्यापीठासाठी २०१७ मध्ये एनएचएल या व्यावसायिक हॉकी लीगच्या मदतीने व्यवहार्यतेचा अभ्यास झाला, गावाच्या मध्यात रिंक बांधायची योजनाही पुढे आली. एनएचएलमधल्या ब्लॅकहॉक्स टीमचं राज्य, बिग टेन या मोठ्या विद्यापीठांच्या गटातलं विद्यापीठ, शिकागोच्या उपनगरांतून निघणारी एवढी मुलं. कागदावर इतकं जमलेलं उदाहरण शोधून सापडणार नाही. तरीही महासाथीच्या काळात गाडी अडली ती अडलीच. तुमचा मुलगा शाळेत जायला लागल्यापासून ही चर्चा चालू आहे. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

रिंक आणि देणगीशिवाय आणखी दोन दारं उघडावी लागतात. एक म्हणजे टायटल नाईन, शिक्षणसंस्थांत मुलामुलींत भेदभाव नको म्हणणारा १९७२ चा कायदा. पंचवीस-सव्वीस मुलांची टीम काढली की मुलींना त्या प्रमाणात संधी द्यावी लागते. पेन स्टेटने बायकांची हॉकी टीमही बरोबर काढली, ॲरिझोना स्टेटने मुलींसाठी लॅक्रोस आणि ट्रायथलॉन आणलं. म्हणजे खर्च एका टीमचा नसतो. दुसरं दार कॉन्फरन्सचं, म्हणजे आपसात सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचं. अलाबामा-हंट्सव्हिलची टीम २०२० मध्ये बंद होणार होती, चाहत्यांनी पैसे उभे करून वाचवली, आणि वर्षभरात पुन्हा थांबली, कारण तिला घेणारी कॉन्फरन्सच उरली नाही. पैसे असून खेळायला सोबत नाही.

टीम बंद होतात, हे तुमच्या मिस्टरांच्या हिशेबात कुठेच नाही. रॉबर्ट मॉरिस विद्यापीठाने मे २०२१ मध्ये दोन्ही टीम एका दिवसात बंद केल्या, त्या परत बर्फावर यायला २०२३ उजाडलं. अलास्का अँकरेजला परत यायला ३० लाख डॉलर उभे करावे लागले. मॅसॅच्युसेट्समधलं अमेरिकन इंटरनॅशनल कॉलेज २०१९ ते २०२२ या काळात आपल्या कॉन्फरन्सचं तीनदा विजेतं होतं. खर्च झेपेना म्हणून २०२५ पासून ते डिव्हिजन टूमध्ये गेलं. विजेतेपदानेसुद्धा टीम वाचत नाही. ज्या मुलांच्या आईवडिलांनी तिथे पोचायला सहा-सात वर्षं खर्च केला, त्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा.

म्हणून आकडा हळू हलतो. पेन स्टेट आलं तेव्हा ५९ टीम होत्या. २०२५-२६ मध्ये ६३ आहेत. तेरा वर्षांत चारांची भर, त्यातही सेंट थॉमस आणि स्टोनहिल खालच्या डिव्हिजनमधून वर आलेली.

तरी तुमचे मिस्टर म्हणतात ती 'आणखी बरीच विद्यापीठं' कुठली असतील, याचा माझा अंदाज सांगते. नॅशव्हिलच्या टेनेसी स्टेटने २०२३ मध्ये घोषणा केली, कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक विद्यापीठांपैकी हॉकीत उतरू पाहणारं ते पहिलंच. मला ते मनापासून व्हावंसं वाटतं, पण सुरुवात २०२४ वरून पुढे ढकलली गेली. लास व्हेगसचं यूएनएलव्ही क्लब पातळीवर भक्कम आहे आणि गावात एनएचएलची टीम आहे. फ्लोरिडा, टेक्सास, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन या राज्यांत एनएचएल आहे, डिव्हिजन वनची कॉलेज टीम नाही. तिथून कुणीतरी कधीतरी येईल. पण 'हाऊस' नावाच्या खटल्यात जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनंतर मोठ्या विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात, २०२५-२६ साठी मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलर. तो पैसा मुख्यतः फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातोय. अशा काळात नवा, महागडा, बर्फाचा खेळ सुरू करायला क्रीडा संचालकाला मोठा दाता हवाच.

समजा, पाच वर्षांत तीन टीम निघाल्या. एका टीमचे २६ खेळाडू धरा, त्यांतले चौथा हिस्सा दरवर्षी बदलतात. म्हणजे वर्षाला वीसेक जागा वाढल्या. सगळ्या ६३ टीम मिळून दरवर्षी चारशेच्या आसपास जागा मोकळ्या होतात, त्यात वीसची भर. आणि त्याच वेळी दुसरीकडे काय झालं? ७ नोव्हेंबर २०२४ ला एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने ठरवलं की कॅनडाच्या मेजर ज्युनियर लीगमध्ये खेळलेली मुलं ऑगस्ट २०२५ पासून कॉलेजात खेळू शकतील. आधी त्यांना बंदी होती. त्या तीन लीगमध्ये मिळून साठेक टीम आहेत. वीस जागांसाठी दार किलकिलं होण्याआधीच रांगेत शेकडो तयार खेळाडू येऊन उभे राहिले, तेही वयाने मोठे. कॉलेज हॉकीत पहिल्या वर्षाचा मुलगा १९-२० वर्षांचा असणं नेहमीचं आहे. म्हणजे बारावीनंतर एक-दोन वर्षं ज्युनियर हॉकी, मग कॉलेज. तुमच्या मिस्टरांचा हिशेब १८व्या वर्षी संपतो, खरा हिशेब २०व्या वर्षी.

स्कॉलरशिपबद्दलही एक गैरसमज दूर करते. डिव्हिजन वन म्हणजे फुकट शिक्षण नव्हे. हार्वर्ड, कॉर्नेल, येल, प्रिन्स्टन, ब्राउन, डार्टमथ या आयव्ही लीगच्या सहाही टीम खेळासाठी स्कॉलरशिप देत नाहीत, घरच्या गरजेप्रमाणे मदत देतात. बाकीच्या ठिकाणी आजवर जास्तीत जास्त १८ स्कॉलरशिप अख्ख्या टीममध्ये वाटल्या जात. आता विद्यापीठाने नवे नियम स्वीकारले तर सगळ्या २६ जणांना देता येतात, पण द्याव्याच लागतात असं नाही. नव्याने निघालेल्या, पैशाची ओढाताण असलेल्या टीमकडून पूर्ण स्कॉलरशिपची अपेक्षा मी तरी धरणार नाही.

आता तुमचे आकडे. ट्रिपल-एचा जादा खर्च वर्षाला १५ हजार, पाच वर्षांत ७५ हजार. कर्ज ६० हजारांचं. म्हणजे ते चौथ्या वर्षीच संपतं, पाचवं वर्ष आणि ज्युनियरची वर्षं उघडी राहतात. व्याज ८ टक्के धरलं तर पूर्ण रक्कम उचलल्यावर नुसतं व्याजच महिन्याला ४०० डॉलर. तुम्ही मुलाच्या शिक्षणासाठी दरमहा बाजूला टाकता नेमका तेवढाच आकडा. हे कर्ज घराच्या दुरुस्तीसाठी नसल्यामुळे त्या व्याजावर करसवलतही नाही, आणि दर बहुधा बदलता असतो. पत्रातला २४ हजारांचा आकडाही मला कमी वाटतो. अनेक स्पर्धांमध्ये आयोजकांनी ठरवलेल्या हॉटेलातच राहावं लागतं. अनेक क्लबांच्या करारात मुलगा जखमी झाला तरी पूर्ण सीझनची फी द्यावी लागते. सही करण्याआधी हे दोन मुद्दे लेखी विचारा, कुठल्याही टीमला.

फ्लॅटचा विषय मला जास्त लागला. तो विकला की मावशींचा पगार इथल्या पगारातून पाठवावा लागेल, म्हणजे त्या १,५०० मधून. आणि विक्रीची रक्कम जशीच्या तशी हातात येत नाही. तुम्ही अनिवासी असल्यामुळे घेणाऱ्याला टीडीएस कापावा लागतो, आणि आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र आधी घेतलं नाही तर तो नफ्यावर नाही, पूर्ण किमतीवर कापला जातो. जुलै २०२४ नंतर दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के कर, इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरणं) नाही. जुन्या घरांसाठी २० टक्के आणि इंडेक्सेशनचा जो पर्याय ठेवलाय, तो निवासी लोकांना आहे, तुम्हाला नाही. शिवाय अमेरिकेतही तो नफा दाखवायचा, भारतात भरलेल्या कराची वजावट घ्यायची. कधीतरी फ्लॅट विकायचाच असेल तर पुण्याचा सीए आणि इथला सीपीए, दोघांना एकत्र बसवून सावकाश विका. घाईत, कर्जाच्या हप्त्याच्या दडपणाखाली नको. सासूबाई आहेत तोवर त्या भाड्याला हात लावू नये, असं मला स्पष्ट वाटतं.

मग मुलाचं काय? डिव्हिजन वनच्या प्रशिक्षकांना मुलाशी बोलायची परवानगीच दहावीच्या वर्षातल्या १ जानेवारीला मिळते. तोवर त्याचं वय १५-१६ होईल. वाढीची दोन वर्षं त्याच्यापुढे आहेत. १३ व्या वर्षी उंचीमुळे किंवा लवकर आलेल्या ताकदीमुळे पुढे असलेली मुलं १६ व्या वर्षी मागे पडलेली मी अनेक घरांत पाहिली, आणि उलटंही पाहिलं. आत्ताच्या टीममध्ये ठेवा आणि वर्षाला ३ हजार त्याच्या स्केटिंगच्या खास शिकवणीवर आणि उन्हाळी कँपवर घाला. एकूण १२ हजार, त्यावर एक डॉलर नाही. १५ व्या वर्षी पुन्हा बसा. यूएसएचएल या ज्युनियर लीगचा ड्राफ्ट, म्हणजे टीमनी खेळाडू निवडण्याची फेरी, साधारण १६ व्या वर्षापासून सुरू होतो, आणि त्या लीगमध्ये खेळाडूकडून फी घेत नाहीत. तिथवर पोचण्याची चिन्हं तेव्हा दिसली तर एखादं वर्ष ट्रिपल-ए मी स्वतः तुमच्या बजेटमध्ये बसवून देईन, रोखीने.

हे मुलाला दोघांनी मिळून सांगा, आणि आकड्यांसकट सांगा. तेरा वर्षांच्या मुलाला कळतं. "तू कमी पडतोस" असं त्याने ऐकता कामा नये, "घर एवढं देऊ शकतं" हे त्याने ऐकावं.

आणि त्याला शँपेनचं रिंक दाखवून आणा. १९३१ मध्ये बांधलेलं, जुनं, मोठ्या बर्फाचं. इलिनॉयची क्लब टीम तिथे खेळते, २००५ आणि २००८ मध्ये ती क्लब हॉकीची राष्ट्रीय विजेती होती. क्लबमध्ये स्कॉलरशिप नाही, खेळाडू स्वतःची वर्गणी भरतो, पण राज्यातल्या विद्यापीठाचा राहण्याखाण्यासकट खर्च वर्षाला साधारण ३५ ते ४० हजार आहे आणि तो तुमच्या आवाक्यात आणता येतो. डिव्हिजन वनची टीम निघो न निघो, केशरी-निळी जर्सी घालून तिथे खेळणं या मुलाला खरोखर शक्य आहे.

महिन्याची वाटणी अशी करा: मुलाच्या ५२९ मध्ये ४०० तसेच चालू, हॉकीचे जादा २५०, अडीअडचणीच्या खात्यात ५५०. उरले ३००. ते धाकटीचे. तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात तिच्या वाट्याला एकच ओळ आली आणि तिच्या नावावर एकही खातं दिसलं नाही. दोघांच्या ५२९ मध्ये मिळून वर्षाला ८,४०० जातील. इलिनॉयच्या ब्राइट स्टार्ट योजनेत जोडप्याला वर्षाला २० हजारांपर्यंतची रक्कम राज्याच्या उत्पन्नातून वजा करता येते. ४.९५ टक्के दराने तुमचे साधारण ४१५ डॉलर वाचतात. मुलाला पुढे स्कॉलरशिप मिळालीच, तर तेवढी रक्कम ५२९ मधून दंडाशिवाय काढता येते, फक्त वाढीवर आयकर लागतो. किंवा ती धाकटीच्या नावावर फिरवता येते.

ट्रिपल-एच्या टीमला नकार कळवा, पण सविनय. प्रशिक्षकांना लिहा की दोन वर्षांनी मुलगा पुन्हा निवड चाचणीला येईल. आणि धाकटीचं खातं याच शनिवारी उघडा.