सल्ला हवाय : घटस्फोटानंतर सावत्र मुलाच्या अंत्ययात्रेला जावं का?

ओळख पटेल असे तपशील पत्रांतून काढले आहेत. उत्तरं आमच्या समुपदेशक आणि कौटुंबिक न्यायालयात काम करणाऱ्या वकील या दोघींनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातला. माझं लग्न झालं तेव्हा बायकोला पहिल्या नवऱ्यापासून ४ वर्षांचा मुलगा होता. त्याचे वडील अपघातात गेले होते. आठ वर्षं आम्ही एकत्र राहिलो. त्याला सायकल, पोहणं मीच शिकवलं. चार वर्षांपूर्वी संमतीनं घटस्फोट झाला. माझं पिणं हे कारण, आणि एकदा त्याच्यासमोर मी त्याच्या आईवर हात उचलला होता. आम्हा दोघांची ९ वर्षांची मुलगी आईकडे असते, दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी मला भेटते. मुलानं मात्र तेव्हापासून माझ्याशी बोलणं टाकलं. आता तो १६ वर्षांचा आहे. हाडाचा कॅन्सर फुफ्फुसात गेलाय, डॉक्टरांनी उपचार थांबवून घरी न्यायला सांगितलंय. हे मला मुलीकडून कळलं. वेळ आली तर मी जावं का? नाही गेलो तर लोक म्हणतील, आलाच नाही. गेलो तर म्हणतील, कुठल्या तोंडानं आला.

उत्तर : लोक दोन्हीकडून बोलणारच आहेत, तेव्हा त्यांना हिशेबातून वगळू. त्याच्या आईनं चालेल म्हटलं तर जा. नको म्हटलं तर जाऊ नका. काहीच उत्तर आलं नाही, तर ते ‘नको’ समजा. आठ वर्षं तुम्ही त्याला वाढवलंत हे खरं, पण त्यानं जे पाहिलं तेही खरं. त्या दिवशी तुमच्याकडे लक्ष ठेवायची वेळ त्या बाईवर येता कामा नये.

मात्र मुलगा अजून आहे. तुम्ही एकदम स्मशानाचा विचार करताय आणि मधले दिवस सोडून देताय, हे आम्हाला जास्त खटकलं. सोळा वर्षांच्या मुलाला आपलं काय होतंय ते बहुतेक वेळा कळलेलं असतं. कुणाला भेटायचं, कुणाला नाही, याबद्दल त्याचं मत असतं आणि ते मानावं लागतं. म्हणून आधी त्याला निरोप पाठवा. फोन करू नका, दारात तर मुळीच जाऊ नका. चार ओळींचं पत्र, हातानं लिहिलेलं. त्यात उपदेश नको, ‘मला माफ कर’ असा आग्रहही नको, कारण आजारी पोराला त्याचं उत्तर द्यावं लागतं. एवढंच लिहा : ‘मी तुझ्या आईवर हात उचलला ते चूक होतं. तुझी चूक काहीच नव्हती. तुला वाटलं तर मी पाच मिनिटं येईन, नाही वाटलं तरी माझं काही म्हणणं नाही.’ पत्र आईच्या हाती जाईल असं बघा. द्यायचं की नाही ते ती ठरवेल. त्यानं बोलावलं तर सर्दी-खोकला नसताना जा, मास्क लावा, पाच म्हणजे पाचच मिनिटं बसा. जुन्या गोष्टी त्यानं काढल्या तरच बोला.

आता अंत्यविधीचं. आपल्याकडे निधन झाल्यापासून तीन-चार तासांत सगळं उरकतं. बाहेरगावचे कुणी यायचे असतील तरच थांबतात. त्या तीन तासांत ‘येऊ का’ विचारणं म्हणजे आईच्या डोक्यावर आणखी एक काम टाकणं. म्हणून आत्ताच विचारून ठेवा, आणि एकदाच. मध्यस्थ म्हणून मुलाचा मामा किंवा दोन्हीकडे ऊठबस असलेली एखादी शेजारीण बरी. तुमची आई किंवा बहीण नको; त्या तुमची बाजू मांडायला लागतात. आणि मुलगी तर अजिबात नको. रविवारच्या भेटीत ‘दादा कसा आहे, आई काय म्हणते’ असं तिला खोदून विचारू नका. ती आपणहून बोलली तर ऐका. मामाला पाठवायचा निरोप असा असू दे : ‘काही झालं तर मी स्मशानात मागे येऊन उभा राहिलेलं ताईंना चालेल का, एवढंच विचारायचंय. नको असेल तर नुसतं नको लिहा. मी पुन्हा विचारणार नाही.’ कारणं देऊ नका. कारण दिलं की समोरच्याला ते खोडावं लागतं.

होकार आला, तर घरी जाऊ नका. तिरडी बांधताना, आंघोळ घालताना, शेवटचं दर्शन घेताना घरात बायकांचा जो आकांत असतो त्यात तुमचा चेहरा नको. सरळ स्मशानात जा. सोबत एक शांत माणूस घ्या. मित्रांचं टोळकं नको. त्यात एक तरी घेऊन आलेला असतो. तुम्ही स्वतः तर आदल्या रात्रीपासून थेंबही घेतलेला नसावा. वासाची नुसती शंका आली तरी चार वर्षांपूर्वीचं सगळं त्या आवारात उभं राहील.

खांदा मागायचा नाही. कुणी ‘या’ म्हणून बोलावलं तरच द्यायचा. भांडणं बहुधा इथेच होतात. आजोबा किंवा काका म्हणतात ‘ह्याचा काय संबंध’, हा म्हणतो ‘मी वाढवलंय’, आणि तिरडी खांद्यावर असताना रस्त्यात आवाज चढतो. अग्नी कोण देणार हे मामा, काका, आजोबा बघतील. शेवटी सगळे एकेक लाकूड किंवा तुळस ठेवायला पुढे येतात, तेव्हा सगळ्यांच्या शेवटी तुम्ही ठेवू शकता. फोटो काढू नका. अग्नी दिला, किंवा दाहिनीचं दार लागलं, की निघा. आईजवळ जाऊन रडू नका. त्या घटकेला तिनं तुमचं सांत्वन करावं लागलं तर तुमचं येणं वाया गेलं. सगळ्यांसोबत परत घरापर्यंत जायचं नाही.

नकार आला, तर स्मशानाच्या फाटकाबाहेर गाडीत बसून राहणं हा मधला मार्ग नव्हे. कुणीतरी बघतोच. सावडणं आणि दहावा हे दिवसही नातलगांचेच असतात. तेरावा झाल्यावर पंधरा-वीस दिवसांनी मामाला पुन्हा एकदाच विचारा, ‘भेटायला आलो तर चालेल का?’ भेट मिळाली तर दहा मिनिटं बसा, आणि उठताना ‘येतो’ म्हणू नका, तिथे ते म्हणत नाहीत. वसईकडच्या किंवा गोव्यातल्या ख्रिस्ती घरांची गोष्ट थोडी वेगळी. चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, सगळ्यांना खुली असते, मागच्या बाकावर बसून निघून जाता येतं. पण घरच्यांचा स्पष्ट नकार असेल तर तिथेही जाऊ नये.

कायद्याच्या बाजूनं तीन गोष्टी. पहिली : हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ यातलं कलम ६ नैसर्गिक पालकांत सावत्र आईवडिलांना धरत नाही. घटस्फोटाआधीही धरत नव्हतं. त्यामुळे उपचार, देह ताब्यात घेणं, विधी कुठे करायचा, यात तुम्हाला अधिकार नाही. मात्र तुम्ही त्याला रीतसर दत्तक घेतलं असेल तर चित्र बदलतं. दत्तक एकदा झालं की रद्द होत नाही, घटस्फोटानंही नाही. मग तुम्ही कायद्यानं त्याचे वडीलच. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही. दुसरी : कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५च्या कायद्याखाली तुमच्याविरुद्ध संरक्षण आदेश असेल, तर तिनं तोंडी ‘या’ म्हटल्यानं तो उठत नाही. बदल कोर्टच करतं. आदेश असेल तर आत्ताच वकिलाशी बोला. तिसरी : घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लागतो, तो ‘चार-अ’ नमुन्यात असतो. तो नसेल तर स्मशानाचा पास अडतो. ओळख नसलेले डॉक्टर असा दाखला द्यायला कचरतात, क्वचित पोलिसांपर्यंत जावं लागतं. मामाशी बोलणं झालंच, तर कोणत्या डॉक्टरांना आधी सांगून ठेवलंय, एवढं विचारा. नोंदणी २१ दिवसांत करायची असते. ती घरचेच करतील, तुम्ही कुठे सही करू नका.

राहिली मुलगी, आणि इथे तुमची जागा पक्की आहे. ती आणि तो एकाच आईची मुलं, ती त्याची बहीण आहे. सगळं घर मोठ्यांच्या दुःखात बुडालेलं असताना नऊ वर्षांच्या पोरीकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्या आठवड्यात तुमचा रविवार आला तर कोर्टाच्या आदेशावर बोट ठेवू नका, तो रविवार सोडा आणि पुढे भरून घ्या. ती भेटेल तेव्हा ‘दादा वारला’ असं सरळ म्हणा. ‘झोपला’, ‘देवानं बोलावला’ म्हणालात तर ती झोपायला घाबरेल किंवा देव आपल्यालाही बोलावेल म्हणेल. तिला दादाबद्दल बोलू द्या. शाळेतल्या बाईंना कुणी सांगितलंय का, ते तिच्या आईला मामांकरवी विचारून घ्या.

प्रश्न : माझी १९ वर्षांची मुलगी दुचाकीच्या अपघातात गेली. माझे दुसरे पती, ज्यांच्यापासून मी घटस्फोट घेतलाय, स्मशानात आले तेव्हा माझ्या भावानं त्यांना फाटकातूनच परत पाठवलं. मला नंतर कळलं. आता प्रथम पुण्यस्मरणाला तिचे मित्रमैत्रिणी चौकात फ्लेक्स लावणार आहेत आणि ‘शोकाकुल’मध्ये आपलं नाव घाला असा या पतींचा निरोप आहे. मुलगी शेवटपर्यंत त्यांच्याशी फोनवर बोलायची, हे मला माहीत आहे. भाऊ म्हणतो, नाव आलं तर मी येणार नाही.

उत्तर : नाव आणि माणूस, दोन्हींचा निर्णय वेगवेगळा करा. फ्लेक्सवरची ‘शोकाकुल’ची यादी अख्खी आळी उभं राहून वाचते आणि नाती जुळवत बसते. घटस्फोट झालेल्या माणसाचं नाव तिथे घातलंत तर वर्षभर त्याच प्रश्नाला उत्तरं द्याल. नावांऐवजी नुसतं ‘शोकाकुल : आई, आजी, मामा आणि मित्रपरिवार’ असं छापा. भावाचं नाव नाही, कुणाचंच नाही, मग मानापमानही नाही. (मुलांना सांगा, फ्लेक्सला महापालिकेची परवानगी लागते. नाहीतर पुण्यस्मरणाच्या आदल्या दिवशीच तो उतरवला जातो.) वर्तमानपत्रात देणार असाल तर हाच मजकूर द्या.

माणसाचं मात्र वेगळं. तुमच्या मुलीनं ते नातं स्वतःहून राखलं होतं, आणि ती सज्ञान होती. तुमची तयारी असेल तर त्यांना वर्षश्राद्धाच्या दिवशी बोलावू नका, त्याआधीच्या एखाद्या संध्याकाळी घरी बोलावा. भाऊ नसताना, पण तुमची एखादी मैत्रीण असताना. तिच्या फोटोला हार घालू दे, चहा द्या. त्यांच्या फोनमध्ये तिचे जे फोटो, आवाजी निरोप असतील त्यांच्या प्रती मागून घ्या. ते तुमच्याकडे नसणार, आणि फोन बदलला की ते जातात.

भावाशी वाद घालू नका. एकदाच सांगा : ‘स्मशानात तू मला न विचारता ठरवलंस. तू माझ्यासाठी केलंस हे कळतंय. यापुढे मला विचारायचं.’ तो वर्षश्राद्धाला येईल. नाव नसल्यावर न येण्याचं कारणच उरत नाही.

प्रश्न : घटस्फोट होऊन सहा वर्षं झाली. नवऱ्याच्या पहिल्या लग्नाचा मुलगा माझ्याकडे सात वर्षं होता, तो गेल्या महिन्यात गेला. मला व्हॉट्सअॅपवर कळलं. मी सुतक पाळायचं का? ऑफिसात काय सांगू?

उत्तर : नातं संपल्यावर बहुतेक घरांत सुतक धरत नाहीत. तुम्हाला गोडधोड, सणवार नकोसं वाटत असेल तर तेरा दिवस तसं राहा, कुणाची परवानगी लागत नाही. त्याच्या वडिलांना दोन ओळींचा निरोप पाठवा, उत्तराची वाट पाहू नका. ऑफिसात अशा नात्यासाठी वेगळी रजा सहसा नसते. किरकोळ रजा टाका आणि साहेबांना सांगा, ‘मी वाढवलेला मुलगा वारला.’